सुईनंतरचा अर्धा तास

दवाखान्यात माणसांना नात्याने हाक मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परिचारिका ती सिस्टर, पुरुष परिचारक तो ब्रदर, लादी पुसणारी आणि वेळप्रसंगी रुग्णाला धरून बसवणारी ती मावशी, आणि चाकांची खुर्ची ढकलणारा, फायली इकडून तिकडे नेणारा तो मामा. मुंबईच्या कोणत्याही रुग्णालयात जा, महापालिकेचे असो वा खासगी, ही नाती तेथे आधीपासून तयार असतात. मावशी आणि मामा कोठून आले हे सांगणे कठीण. 'सिस्टर'चा उगम मात्र आपल्या परिचयाचा आहे. युरोपात अनेक शतके रुग्णशुश्रूषा हे प्रामुख्याने मठवासी धर्मभगिनींचे काम होते. पुढे ते प्रापंचिक स्त्रियांकडे आले, झगा गेला, हाक तेवढी मागे राहिली. आमच्या वसईकडे त्यामुळे आजही गंमत होते. 'सिस्टर आल्यात' असे कोणी सांगितले, की 'कॉन्व्हेंटच्या की दवाखान्याच्या?' असे विचारून घ्यावे लागते.

विलेपार्ल्याच्या ज्या ॲलर्जीच्या दवाखान्यात मी चार वर्षांपासून जात आहे, तेथील या कुटुंबात एका पात्राची भर पडली: फादर. एका आजींची पहिले काही महिने अशी समजूत होती, की मी रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलीचा वडील असून लेकीला सोबत म्हणून येऊन बसतो. खुलासा झाल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. तरी तुम्ही फादरच ना!" या उत्तरावर मला काही बोलता आले नाही.

वसईहून पार्ल्याला येणे सोपे नाही. जलद गाडीने अंधेरीपर्यंत यावे, तेथे पूल चढून-उतरून धिमी गाडी धरावी आणि एका स्थानकासाठी पुन्हा दाराशी उभे राहावे. सकाळच्या त्या गर्दीत माझा पांढरा झगा कामाचा नाही. मी साध्या सदऱ्यातच येतो. पूर्वी पार्ले स्थानकात उतरले, की वाऱ्याबरोबर बिस्किटे भाजल्याचा गोड वास येत असे. गोरेगावच्या सेमिनरीत असताना रविवारी कधी दक्षिणेकडे जाण्याचा योग आला, तर गाडीच्या खिडकीतूनही तो ओळखू येई. ज्या पार्ल्याने बिस्किटाला आपले नाव दिले, त्या पार्ल्यातला १९२९ सालचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि तो वास गेला. आता स्थानकाबाहेर पडावे तो सिमेंटचा वास. एकेक जुना बंगला, एकेक तीन मजली सोसायटी पडते आहे आणि तेथे नवी इमारत उठते आहे. महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात बांधकामाच्या धुळीविषयी नियमावली काढली. पत्र्याचे उंच कुंपण, हिरवे कापड, पाण्याचा फवारा असे सर्व तीत आहे. आमच्या दवाखान्यात येणारे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी विचारते, "सिस्टर, या बिल्डिंगच्या धुळीवर नाही का सुई?" त्यावर मोठ्या सिस्टरांचे उत्तर ठरलेले असे: "त्या धुळीवर सुई नाही. तिला महापालिकाच लागते."

विनोद सोडला तर त्यांचे म्हणणे वैद्यकीय दृष्ट्याही बरोबर होते. सिमेंटची धूळ घशाला आणि फुप्फुसाला कोणाच्याही टोचते. तिला ॲलर्जी म्हणत नाहीत. ॲलर्जी म्हणजे ज्या पदार्थाने इतरांना काही होत नाही, त्याला एखाद्याच्या शरीराने शत्रू ठरवणे. माझ्या बाबतीत तो शत्रू म्हणजे घरातल्या धुळीतले माईट. कोळ्याच्या कुळातला हा जीव, लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास. डोळ्यांना दिसत नाही. गादीत, उशीत, जुन्या पडद्यांत राहतो आणि आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्याला दमट हवा मानवते, म्हणजे आपला कोकण किनारा त्याच्या दृष्टीने स्वर्गच. घरच्या धुळीतला खरा अपराधी हाच, हे हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. त्याआधी सगळा दोष सरसकट धुळीच्या माथी जात असे.

'ॲलर्जी' हा शब्द ज्याने घडवला त्याच्याविषयी वाचले तेव्हा मला विशेष आनंद झाला, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. क्लेमेन्स फॉन पिर्के हा व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्याने इन्सब्रुक येथे ईशज्ञानाचा आणि लूव्हेन येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. म्हणजे आम्ही सेमिनरीत ज्या वाटेने गेलो, त्याच वाटेने तो बराच पुढे आला आणि मग वळला. घटसर्पावरील उपचारासाठी मुलांना त्या काळी घोड्याच्या रक्तद्रवाचे इंजेक्शन देत. पहिल्या इंजेक्शनानंतर काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप व पुरळ येई. त्याच मुलांना पुढे कधी दुसरे इंजेक्शन दिले, तर ते फार लवकर, कधी त्याच दिवशी येई. पिर्केने यातून ओळखले, की पहिल्या भेटीने शरीर बदललेले असते. दुसऱ्या भेटीत ते पूर्वीसारखे वागत नाही. १९०६ साली त्याने दोन ग्रीक शब्द जोडून या बदलाला नाव दिले: 'आल्लोस' म्हणजे दुसरा, वेगळा, आणि 'एर्गोन' म्हणजे कार्य. नव्या कराराचे ग्रीक वाचताना 'एर्गोन' आम्हाला पदोपदी भेटतो. तो माझ्या नाकापर्यंत येऊन पोहोचेल असे तेव्हा वाटले नव्हते.

यावरची सुई पाच वर्षांनी आली. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, जेथे पुढे १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला, लेनर्ड नून या तरुण डॉक्टराने गवताच्या परागकणांचा अर्क अतिशय सौम्य करून रुग्णांना टोचला, हळूहळू मात्रा वाढवत नेली आणि १९११ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे टिपण प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी तो क्षयाने वारला. त्याचा सहकारी जॉन फ्रीमन याने ते काम पुढे चालवले. शंभरहून अधिक वर्षे झाली तरी पद्धत मुळात तीच आहे. ज्याचा त्रास, तोच पदार्थ थेंबाच्या अंशाने द्यायचा. दर आठवड्याला थोडा वाढवायचा. एक बाटली संपली की अधिक तीव्र अशी पुढची काढायची. काही महिन्यांनी ठरलेल्या मात्रेला पोहोचले, की महिन्यातून एकदा, आणि हे तीन ते पाच वर्षे. गोळ्या आणि फवारे त्रास दाबून ठेवतात. ही लस मात्र शरीराची ती जुनी समजूतच बदलू पाहते, आणि ती थांबवल्यावरही गुण बरीच वर्षे टिकू शकतो.

पण यात एक धोका आहे, आणि माझ्या या लेखाचा विषय तेथूनच सुरू होतो. ज्या पदार्थावर शरीर खवळते, तोच आपण त्यात घालत असतो. क्वचित, फार क्वचित, सगळे शरीर एकदम पेटून उठते: अंगावर गांधी, घशाला सूज, छातीत घरघर, रक्तदाब खाली. ब्रिटनमध्ये अशा सुयांनंतर झालेल्या २६ मृत्यूंची नोंद पुढे आल्यावर १९८६ साली तेथील औषधसुरक्षा समितीने कडक निर्बंध घातले: तातडीच्या उपचारांची सोय असेल तेथेच सुई द्यावी आणि रुग्णाला दोन तास बसवून ठेवावे. पुढे अनुभवाने हा वेळ कमी झाला. गंभीर त्रास बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो, म्हणून आता सर्वसाधारणपणे अर्धा तास थांबवतात.

सुईला लागतो अर्धा मिनिट. दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला, कातडीखाली. एकदा डावा हात, एकदा उजवा. दुखत म्हणाल तर मुंगीएवढे. मग सिस्टर बॉलपेनने आपल्या तळहाताच्या मागे वेळ लिहितात, '१०.४०', मतदानाच्या शाईसारखी, आणि म्हणतात, "बसा." त्या अर्ध्या तासात करायचे काहीच नसते. ना तो उपचार, ना विश्रांती. आणि तरीही चार वर्षांत मला त्या दवाखान्याविषयी जे काही कळले, ते सगळे त्या अर्ध्या तासात कळले.

जिना चढून दुसरा मजला. उद्वाहन नाही, जे दम्याच्या रुग्णांच्या दवाखान्याला शोभत नाही, असे मी डॉक्टरांना दोनदा सांगून पाहिले आहे. एका खोलीत दहा-बारा खुर्च्या, भिंतीवर मोठे घड्याळ, आणि दूरचित्रवाणी संच नाही. संच नसण्याचे कारण मी एकदा विचारले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "टीव्ही लावला की सगळे तिकडे बघतात, फादर. मग मला तोंडं दिसत नाहीत."

या बाई मूळच्या कुडाळच्या. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी चण, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. इंजेक्शनाच्या खोलीचे दार त्या कधी लावत नसत. दोन सुयांच्या मध्ये एक स्टूल ओढून आमच्यात येऊन बसत आणि गप्पा मारत. कोणाच्या मुलीचे ठरले, कोणाच्या चाळीचे पुनर्वसन अडले, यंदा हापूस उशिरा का. प्रथमदर्शनी मला वाटले, बाई बोलक्या आहेत. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आले, की त्या बोलतात कमी आणि बोलायला लावतात जास्त. आणि समोरचा बोलत असताना त्या ऐकतात ते त्याचे म्हणणे नव्हे, किंवा नुसते म्हणणे नव्हे. वाक्य पुरे करायला दम लागतो का? आवाज घोगरा होतो आहे का? हात सारखा तळव्याकडे जातो आहे का? ॲलर्जीचा मोठा झटका येण्यापूर्वी पुष्कळदा तळहात-तळपाय खाजतात, घशात काही अडकल्यासारखे वाटते, माणूस उगाच अस्वस्थ होतो. हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते पाहायला माणूस समोर बसलेला हवा, आणि त्याला नेहमीचा आवाज, नेहमीचा चेहरा ठाऊक हवा.

सुई देण्यापूर्वीचे प्रश्नही तसेच. ताप आहे का? खोकला? या आठवड्यात पंप किती वेळा घेतला? रक्तदाबाची गोळी बदलली का? (रक्तदाबाच्या काही गोळ्या घेतलेल्या असल्या, तर संकटात ॲड्रिनॅलिन नीट काम करत नाही.) मागच्या सुईनंतर सूज किती आली? या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे नाण्यांत उत्तर देतात: रुपयाएवढी, पाच रुपयांएवढी. एक आजी चिंचोका, सुपारी आणि लिंबू या मापांत सांगत, आणि सिस्टर ते कार्डावर मिलिमीटरमध्ये उतरवून घेत. प्रश्न दर खेपेला तेच, क्रमही तोच. नव्या रुग्णाला त्याचा कंटाळा येतो. मला आला नाही. तेच शब्द रोज नव्याने म्हणणे हा आमचाही व्यवसाय आहे.

मात्र प्रश्न विचारला म्हणजे खरे उत्तर मिळते असे नाही. लोक लांबून येतात. कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो, कोणी शेजारणीकडे मूल ठेवून येते. थोडा ताप आहे म्हटले, की सुई पुढे ढकलणार आणि खेप फुकट जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. मग माणूस म्हणतो, "नाही हो, एकदम बरा आहे." यात त्याला आपण खोटे बोललो असे वाटतही नाही. पण दमा उसळलेला असताना दिलेली सुई हीच सर्वांत धोक्याची, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे या उपचाराची सगळी सुरक्षितता शेवटी रुग्णाच्या खरे बोलण्यावर उभी आहे, आणि खरे बोलणे त्याच्या सोयीचे नाही. छापील फॉर्मवर खूण करताना माणूस सोयीचे तेच लिहितो. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून तेच सांगणे त्याला जड जाते. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही.

एक रिक्षाचालक आमच्याबरोबर येत असत. गाव मराठवाड्यात, राहायला जोगेश्वरीला, रिक्षा भाड्याची. एका शुक्रवारी त्यांनी सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हटले. सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या, "दादा, काल कुठवर भाडं मारलंत?" ते सांगू लागले: पार्ल्याहून साकीनाका, साकीनाक्याहून पवई, पवईला रांगेत... आणि 'रांगेत'वर थांबून त्यांनी श्वास घेतला. सिस्टरांनी भरलेली सुई ताटलीत ठेवून दिली. "आज नाही." ते गृहस्थ चिडले. सकाळची पाळी बुडाली, मालकाला भाडे तर द्यावेच लागणार, याची भरपाई कोण देणार, असे बरेच बोलले. त्यांचे एकही वाक्य चूक नव्हते. सिस्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "राग माझ्यावर काढा, पण तिकडे बसून वाफ घ्या आधी." वाफ घेतली, डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या लिहून दिल्या. ते कोणाशी न बोलता निघून गेले. आता ते परत येत नाहीत, असे मला वाटले. पुढचा शुक्रवार रिकामा गेला. त्यापुढच्या शुक्रवारी ते आले आणि सिस्टरांनी काही विचारण्याआधीच म्हणाले, "तीन दिवस झाले, पंप लागला नाही. आईशपथ." त्या दिवशी त्यांना सुई मिळाली.

मला येथे एका भेदाविषयी लिहायचे आहे, कारण आपण 'स्टाफ फार चांगला आहे' असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात बांधतो. पार्ल्याला येण्यापूर्वी मी काही महिने दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. तेथील माणसे अतिशय गोड होती. गेल्याबरोबर पाणी, 'या, बसा', एसी चालू. सुई झाली, की तेथील मुलगी म्हणे, "तुम्हाला कशाला थांबवायचं, फादर! तुम्हाला कामं असतील. काही वाटलं तर फोन करा." बरोबरच्या एका बाईंनाही तिने तसेच जाऊ दिले, मुलाला शाळेतून आणायचे होते. सगळ्यांना ते आवडत असे. डॉक्टर त्या वेळी जागेवर असतच असे नाही. मी तेथे जाणे थांबवले ते या गोडव्यामुळेच. सवलत देणे हा आपल्याकडे आदर दाखवण्याचा सर्वमान्य मार्ग आहे, आणि धर्मगुरूला तर ती न मागता मिळते. पार्ल्याच्या सिस्टरांनी मला चार वर्षांत एक मिनिटाची सवलत दिली नाही. एकदा अंत्यविधीची वेळ झाली होती. मी घड्याळाकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "अकरा दहाला सोडते. जो गेला तो थांबेल, फादर." मी थांबलो. त्यांच्या आवाजात प्रेम होते, आणि नियमही होता.

धुराचे सगळे सण त्यांना पाठ होते. गणपती, दिवाळी, मोहरम, आणि माझ्यामुळे पवित्र आठवडाही. वेदीजवळच्या धुपाने माईटची ॲलर्जी होत नाही, पण आधीच सुजलेल्या नळ्यांना तो धूर झोंबतो. पूर्वेकडच्या एका देवळाचे पुजारी दर मंगळवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत असत. त्यांचे दुखणे उदबत्ती आणि कापराने वाढे. आम्हा दोघांना एकत्र पाहून सिस्टर म्हणत, "दोन्ही देवांना सांगा जरा, धूर कमी करा." पुजारीबुवा हळूच म्हणत, "देवाचं काही नाही हो, ट्रस्टी ऐकत नाहीत." यावर आमचे एकमत होते, अधिक काही लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जे घडले ते सांगायला हवे. नववीतली एक मुलगी आईबरोबर येत असे. धीट, सारखी बडबडणारी. दर खेपेला आपल्या हिंदीच्या बाईंची नक्कल करून सगळ्या खोलीला हसवणारी. त्या दिवशी नव्या बाटलीतला पहिला डोस होता. सिस्टर नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून तिचे ऐकत होत्या. वीस-बावीस मिनिटे झाली असतील. मुलगी बोलता बोलता थांबली, खाकरली, पुन्हा बोलू लागली. आम्ही कोणी काही ओळखले नाही. तिची आई शेजारीच होती, तिनेही नाही. सिस्टर मात्र उठल्याच. "आवाज कशाने बसला गं?" मुलगी म्हणाली, "काही नाही, असंच." तिचा एक हात दुसऱ्या हाताचा तळवा खाजवत होता. सिस्टरांनी तिला तेथल्या तेथे आडवे केले, पाय उशीवर घेतले आणि न ओरडता, नेहमीच्याच आवाजात, डॉक्टरांना हाक मारली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनॅलिन. मामांनी प्राणवायूचा सिलिंडर लोटत आणला. मावशींनी आम्हा सगळ्यांना जिन्यात काढले आणि आईला मात्र आत मुलीच्या उशाशी बसवले. जिन्यात पुजारीबुवा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. दोघांचेही ओठ हलत होते.

काही मिनिटांत तिला बरे वाटू लागले. असा झटका काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून तिला जवळच्या रुग्णालयात नेऊन रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सिस्टर रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर गेल्या. त्या दिवशीच्या उरलेल्या सुया झाल्या नाहीत, आणि परत जाताना कोणी कुरकुरले नाही. रिक्षावाले दादाही नाही.

पुढे प्रश्न आला तो आईचा. तिने डॉक्टरांना सरळ विचारले, "हे आता कशाला करायचं? सर्दी-दम्याने माणूस मरत नाही. सुईने मात्र माझी मुलगी माझ्यासमोर..." वाक्य तिने पुरे केले नाही. डॉक्टरांनी समजावले, की दम्यानेही माणसे जातात. मात्रा पुष्कळ खाली आणून पुन्हा सावकाश चढता येईल. पण थांबायचे असेल, तर तो निर्णयही चुकीचा नाही. मला ते प्रामाणिक उत्तर आवडले. तीन आठवड्यांनी मुलगी आली. सिस्टर असतील तर घेईन, अशी तिची अट होती. सिस्टर होत्या. दर खेपेला पूर्ण अर्धा तास त्या तिच्या समोरून हलत नसत. बाकीच्यांना सुयांसाठी ताटकळावे लागे.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त होऊन कुडाळला गेल्या. निरोपाच्या दिवशी चहा आणि बटाटेवडे झाले, पुजारीबुवांनी शाल दिली. आम्ही नेहमीची मंडळी त्यानंतर काही दिवस उगाच रुसल्यासारखी वागलो. नव्या सिस्टर पालघरकडच्या, तिशीच्याही आतल्या, गंभीर, कमी बोलणाऱ्या. दोघे-तिघे जण यायचेच थांबले. एवढा लांबचा उपचार पुष्कळ जण मध्येच सोडतात असे डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर चिंता दिसली. मुलीची आई मला जिन्यात भेटली. म्हणाली, "फादर, अजून दीड वर्ष आहे. अट तर गेली."

दवाखान्यातली कार्डे पत्र्याच्या लांबट पेटीत असतात. तारीख, हात, बाटली, मात्रा, सूज, असे रकाने. जुन्या सिस्टरांनी जाण्यापूर्वीच्या महिन्यात प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने एकेक ओळ लिहून ठेवली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते. नव्या सिस्टरांनी माझे कार्ड उलटून पाहिले आणि प्रश्नार्थक चेहऱ्याने मला दाखवले: 'पवित्र आठवड्यानंतर छाती ऐकल्याशिवाय देऊ नये. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, यांनाच विचारावे.' रिक्षावाले दादांच्या कार्डावर होते, 'भाडं कुठवर मारलं ते विचारावे.' त्यांनीच ते मोठ्याने वाचले आणि हसले.

मुलीने आपले कार्ड नव्या सिस्टरांच्या हातातून मागून घेतले आणि पाठीमागची ओळ स्वतःशीच वाचली. मग आईला दाखवली. तिच्यावर लिहिले होते: 'खूप बोलते. गप्प झाली तर लगेच उठावे.' कोणी काही म्हटले नाही. सुई झाली. नव्या सिस्टरांनी तिच्या हातावर वेळ लिहिली, मग कोपऱ्यातले स्टूल ओढले, तिच्यासमोर बसल्या आणि जरा अवघडून विचारले, "हिंदीला कोण आहे तुम्हाला?"